फुरसत कोणाच्या मालकीची?

(अभ्यासपाठ : मोबाईलवरचे खेळ, बाजार आणि बौद्ध कुटुंब)



गेल्या वर्षावासात एका वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली, माणसे पांगली, पण एक माता मागे थांबून राहिली. दोन वर्षांपूर्वी या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतलेली. घरातली दारू गेली, कर्ज काढून करायचे सण गेले, याचा त्या मातेला रास्त अभिमान आहे. ती म्हणाली, "सर, माझा मुलगा व्यसन करीत नाही, कोणाशी भांडत नाही, संध्याकाळी घराबाहेरसुद्धा पडत नाही. पण मोबाईलवरच्या खेळात त्याने साडेचार हजार रुपये घालवले. त्याच्या दहावीच्या क्लासची फी म्हणून खात्यात ठेवलेले पैसे ते. एकदम नाही गेले, चाळीस-चाळीस, ऐंशी-ऐंशी करून गेले. त्याचे वडील म्हणतात, तू शील मोडलेस. तो म्हणतो, पंचशीलात खेळाचे नाव कुठे आहे ते दाखवा. आता मी काय सांगू?"

हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून या पाक्षिक पाठासाठी आपण तोच घेऊ.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. वडिलांचे पैसे न विचारता खर्च केले, हे न दिलेले घेणे झाले. दुसरे शील तिथे मोडले, आणि ते त्या मुलालाही समजते. पण त्याचा प्रश्न त्याहून खोल आहे. उद्या तो कमावता झाला आणि स्वतःच्या पगारातले पैसे असेच घालवू लागला, तर मग काय सांगणार? शिवाय "दाखवा" असे म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवणे हे बौद्ध घराला शोभणारे नाही. थोरांनी सांगितले म्हणून मानू नये, तपासून पाहावे, हे आपणच त्याला शिकविले. तेव्हा त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते देण्यापूर्वी आपण स्वतः अभ्यास केला पाहिजे.

१. यंत्र आपले शत्रू नाही

काही मंडळी म्हणतात, हा मोबाईलच वाईट, तो फोडून टाका. हे आपले मत असू शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध केला. त्यात यंत्रांना नावे ठेवणाऱ्या विचारसरणीचा त्यांनी कडक समाचार घेतला आहे. त्यांच्या युक्तिवादाचे सार असे : जनावराला पोट भरले की पुरते, माणसाला मन असते. मनाच्या वाढीला फुरसत लागते. आणि दिवसभर राबणाऱ्याला फुरसत मिळवून द्यायची, तर त्याच्या कष्टाचा भार यंत्राने उचलला पाहिजे. दोष यंत्राचा नसून, यंत्राचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पहाटेपासून रात्रीपर्यंत दुसऱ्याच्या कामासाठी हाक येई, त्यांना फुरसत या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्या लोकांकडे धन नव्हते, तद्वतच स्वतःचा म्हणावा असा वेळही नव्हता. तो पुष्कळ झगडून मिळविलेला आहे.

मोबाईलनेही आपले भले केले आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलवरच कितीतरी घरांतली मुले शिकली. शिष्यवृत्तीचा अर्ज, बसगाडीची चौकशी, दूरच्या लेकीचा चेहरा, सारे त्यावर आहे. तेव्हा यंत्र वाईट की चांगले, हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा की, यंत्राने मिळवून दिलेली फुरसत शेवटी कोणाच्या मालकीची झाली? आपल्या मुलाच्या, की त्याच्या फुरसतीवर धंदा करणाऱ्याच्या?

२. फुकटाचा खेळ कोणाला परवडतो?

व्हिडिओ गेमचा धंदा तीन अवस्थांतून गेला आहे. तो थोडक्यात समजून घेऊ.

पहिली अवस्था नाण्याची. १९७८ साली जपानमध्ये स्पेस इन्व्हेडर्स आणि १९८० साली पॅकमॅन हे खेळ आले. यंत्रात नाणे टाकायचे, खेळायचे, हरले की पुन्हा नाणे. खेळणाऱ्याला आपण किती नाणी टाकली हे हाताला कळत होते. खिसा रिकामा झाला की खेळ संपला.

दुसरी अवस्था कॅसेटची आणि तबकडीची. दुकानातून खेळ एकदा विकत आणायचा, मग हवा तेवढा खेळायचा. विक्री झाली की बनविणाऱ्याचा आणि आपला व्यवहार संपला. मुलाने तो खेळ दहा तास खेळला काय किंवा दहा मिनिटे खेळला काय, विकणाऱ्याला त्याचे काही नव्हते.

तिसरी अवस्था आजची. खेळ फुकट. मोबाईलवर उतरवून घ्या, एक पैसाही देऊ नका. मग हजारो माणसांचे पगार, यंत्रसामग्री आणि नफा हे सगळे येते कुठून? एक, जाहिरातींतून. दोन, खेळाच्या आत मांडलेल्या दुकानातून. अशा खेळांत बहुतेक जण काहीच देत नाहीत, थोडे जण थोडे देतात आणि अगदी मोजके जण पुष्कळ देतात. या मोजक्यांना त्या धंद्यात 'व्हेल' म्हणतात. व्हेल म्हणजे देवमासा. हा शब्द मोठ्या रकमा लावणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जुगारघरांत रूढ झालेला आहे. शब्द कोठून उचलला, यावरून धंद्याची नजर कोठे आहे ते ओळखावे.

आता फरक ध्यानात घ्या. दुसऱ्या अवस्थेत खेळ चांगला बनविणे यात बनविणाऱ्याचे हित होते. तिसऱ्या अवस्थेत खेळणाऱ्याला उठू न देणे यात त्याचे हित आहे. जो उठून गेला, तो जाहिरात पाहत नाही आणि दुकानातही शिरत नाही. म्हणून मुलाला हाक मारल्यावर "एकच मिनिट" असे जे उत्तर येते, त्यात केवळ मुलाचा हट्ट नसतो. त्या एका मिनिटासाठी दुसऱ्या टोकाला शिकल्यासवरल्या माणसांनी पुष्कळ डोके चालविलेले असते.

३. उठू न देण्याच्या युक्त्या

या युक्त्या गुप्त नाहीत. आपल्या मुलाच्या शेजारी बसून अर्धा तास पाहिले, तर बहुतेक दिसतील.

पहिली युक्ती हजेरीची. रोज खेळ उघडला की काहीतरी बक्षीस. एक दिवस चुकला की साखळी तुटते. शाळेच्या हजेरीला जे मूल कंटाळते, तेच या हजेरीला रात्री बाराला जागे राहते.

दुसरी युक्ती खोट्या नाण्याची. दुकानात भाव रुपयांत लिहिलेला नसतो, हिरे किंवा नाणी अशा खेळातल्या चलनात असतो. आधी रुपये देऊन हिरे घ्यायचे आणि मग हिरे देऊन वस्तू घ्यायची. मध्ये हिरा आला की हातून रुपया गेल्याची टोचणी बोथट होते. शिवाय हिऱ्यांचे गठ्ठे असे बांधलेले असतात की खरेदीनंतर थोडे हिरे उरावेत, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी घ्यावेत.

तिसरी युक्ती घाईची. "आजच्यापुरते", "शेवटचे दोन तास" अशा पाट्या. विचार करायला वेळ मिळाला तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून विचाराची जागाच काढून घ्यायची.

चौथी आणि सर्वांत प्रभावी युक्ती बंद पेटीची. पैसे देऊन पेटी घ्यायची, आत काय आहे ते उघडल्यावर कळणार. बहुतेक वेळा किरकोळ वस्तू निघते, क्वचित दुर्मीळ. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली आपल्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पारव्याने चोच मारली की दाणा मिळावा, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. ठराविक चोचींनंतर दाणा दिला तर पारवा दाणा खाऊन थोडा विसावे. पण कितव्या चोचीला दाणा येईल याचा नेम नसला, म्हणजे तो न थांबता चोच मारीत राही. दाणा पूर्ण बंद केला तरीही बराच काळ मारीत राही. बेभरवशाचे बक्षीस हे खात्रीच्या बक्षिसापेक्षा घट्ट बांधते, हा त्यातला बोध. लॉटरीचे यंत्र याच नियमावर चालते, आणि ती पेटीही.

हे काही आपल्याच मनाचे खेळ नाहीत. बेल्जियम देशाच्या जुगार आयोगाने २०१८ साली काही प्रसिद्ध खेळांतील अशा पैसे देऊन घ्यायच्या पेट्या जुगाराच्या कायद्याविरुद्ध ठरविल्या. अमेरिकेत फोर्टनाईट हा खेळ चालविणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड केली आणि एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यांपैकी २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीविषयीच्या कायद्याच्या भंगाबद्दल दंड म्हणून, आणि २४.५ कोटी गिऱ्हाइकांना परत करण्यासाठी होते. आयोगाचा आरोप असा होता की, बटणांची रचनाच फसवी असल्यामुळे एका चुकीच्या दाबाने खरेदी होई आणि पालकांच्या संमतीशिवाय मुलांना पैसे खर्च करता येत. तेव्हा "आमच्याच पोराला अक्कल नाही" असे म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या आईबापांनी हे जाणावे, की समुद्रापलीकडच्या सुशिक्षित घरांतही हेच झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन : खेळावर स्वतःचा ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. ही स्थिती साधारणतः वर्षभर टिकली तर विकार म्हणावा. हेही ध्यानात ठेवावे की खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, उलट बहुतेक नसतात. भिऊन जाऊ नये, पण डोळेही मिटू नयेत.

४. कौशल्य की नशीब?

पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या आणि क्रिकेट संघाच्या ॲपविषयी मोठी मुले एक बचाव करतात. "हा जुगार नाही, यात कौशल्य लागते." या बचावाला कायद्याचा आधारही होता. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका खटल्यात म्हटले होते. पुढे त्याच निर्णयाची ढाल करून मोबाईलवर रमीचा बाजार मांडला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे ऑनलाईन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालविण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे.

कायदा झाला ही चांगली गोष्ट. पण कायद्याने घर आपोआप सुरक्षित होत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन सरकारने ११८ ॲप बंद केले. त्यात मुलांचा आवडता पबजी मोबाईलही होता. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तो खेळ नव्या नावाने आणि थोड्या फरकाने परत आला. आणि ज्या खेळात पैसे जिंकण्याची आशाच नसते, पैसे फक्त जातात, कपडे आणि हत्यारांची चित्रे तेवढी मिळतात, असे खेळ चालूच आहेत. आपल्या मातेचे साडेचार हजार अशाच खेळात गेले. सरकार दाराबाहेरचे पाहील. दाराच्या आतले आपण पाहायचे आहे.

५. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पंचशीलात खेळाचे नाव नाही, हे खरे. जुगाराचेही नाही. मग धम्माने गृहस्थाला याविषयी काही सांगितलेच नाही काय?

सांगितले आहे, आणि फार स्पष्ट सांगितले आहे. दीघ निकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहातला सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडीत असे, कारण बापाने मरताना तसे सांगितले होते. तथागतांनी त्याला हसून घालवून दिले नाही. खऱ्या सहा दिशा म्हणजे आईबाप, गुरू, पत्नी व मुले, मित्र, नोकर आणि श्रमण, हे त्याला समजावून दिले. त्याच उपदेशात संपत्ती गळून जाण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, तमाशे पाहत हिंडणे, जुगार, वाईट संगत आणि आळस.

यांतील एक शब्द नीट पाहा. पाचव्या शीलात मद्याविषयी 'पमादट्ठान' हा शब्द येतो. पमाद म्हणजे गाफीलपणा, ठान म्हणजे स्थान. मद्य टाळायचे ते गाफीलपणाचे ठिकाण आहे म्हणून. सिगालोवाद सुत्तात जुगारालाही हाच शब्द लावला आहे, जूतप्पमादट्ठान. म्हणजे दारूचा निषेध केवळ दारू या द्रव्यापुरता नाही. जी वस्तू माणसाची जाग घालवते, भान घालवते, तिचा तो निषेध आहे. द्रव्य बाटलीतून आले काय किंवा काचेवरच्या उजेडातून आले काय, कसोटी एकच : माझी जाग शाबूत राहिली की गेली? मुलाला आता सांगता येईल, "बाळा, पंचशीलात खेळाचे नाव नाही, कारण शील वस्तूंची यादी देत नाही, कसोटी देते. ती तू स्वतःला लावून पाहा."

पुढे जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, धन तर जातेच, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र आणि सोबती त्याला हलका लेखतात आणि लग्नसंबंधासाठी त्याला कोणी पसंत करीत नाही. कौशल्य होते की नशीब होते, हा प्रश्नच इथे विचारलेला नाही. पहिलाच दुष्परिणाम जिंकणाऱ्याचा आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे. तथागतांनी खेळाचे नाव पाहिले नाही, खेळानंतर माणसाचे आणि घराचे काय होते ते पाहिले.

मग खेळूच नये काय? असे धम्म सांगत नाही. ब्रह्मजाल सुत्तात आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटांपासून अनेक खेळांची नावे आली आहेत. पण तथागत त्यांपासून दूर राहतात आणि काही श्रमण-ब्राह्मण मात्र लोकांचे अन्न खाऊन त्यांत रमतात, हे सांगण्यासाठी ती आली आहेत. मुलाबाळांच्या घरात खेळ नको, असा त्याचा अर्थ नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. करमणूक हे पाप नव्हे. ज्या खेळातून उठल्यावर अंग हलके होते, मित्र मिळतो, बुद्धी चालते, तो खेळ आपला. ज्यातून उठताच येत नाही, त्याचे आपण झालो.

६. विकत मिळणारी पायरी

एक गोष्ट आपण बौद्धांनी विशेष ओळखली पाहिजे. या खेळांतल्या दुकानात मुख्यतः काय विकले जाते? पुष्कळदा खेळात जिंकायला मदत करील असेही काही नसते. विकली जाते ती 'स्किन', म्हणजे खेळातल्या बाहुल्याचा पोशाख. फुकटात मिळतो तो साधा पोशाख. तो घालून आलेल्या मुलाला बाकीचे हसतात, त्याला 'नूब' म्हणतात, संघात घेत नाहीत. महागडा पोशाख असलेल्याला मान.

ही रीत आपल्याला अनोळखी वाटते काय? अंगावरच्या कपड्यावरून, पायातल्या वहाणेवरून माणसाची पायरी ठरविणारा समाज आपल्या वाडवडिलांनी भोगला आहे. जन्माने ठरलेली पायरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी झुगारून दिली, आणि त्याच मार्गाने तुम्ही आला आहात. मग पैशाने विकत मिळणारी पायरी आपल्या मुलांनी का चढावी? जी खरी नाही, जी खेळ बंद पडला की पुसली जाणार, त्या पायरीसाठी क्लासची फी का द्यावी?

आणि हे केवळ मुलांनाच सांगून भागणार नाही. शेजाऱ्याने नवा मोबाईल घेतला म्हणून आपला चांगला चालणारा मोबाईल जुना वाटणे, लग्नात आपली पत दिसावी म्हणून हप्ते अंगावर घेणे, हाही पोशाखाचाच खेळ आहे. मूल स्किन घेते, आपण गाडी घेतो. तृष्णा एकच आहे, फक्त किंमत वेगळी.

७. घरात काय करावे?

(अ) आधी हिशेब. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही वाटणी जशीच्या तशी जमणार नाही, पण तत्त्व जमेल. उपभोगाला जागा आहे, पण ती मोजलेली आहे. महिन्याच्या शेवटी सगळ्या घराने एकत्र बसून वही उघडावी. चाळीस-ऐंशी रुपयांच्या खर्चाची बेरीज मुलाकडूनच करून घ्यावी. रागावण्यापेक्षा ती बेरीज अधिक बोलते.

(आ) पैशाचे दार बंद करावे. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. मोबाईलमधील प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करावी. आपल्याला जमत नसेल तर विहारातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाकडून करून घ्यावी. त्यात लाज नाही.

(इ) नियम मोठ्यांपासून. बाप जेवताना मोबाईल पाहतो, आई झोपताना पाहते आणि बंदी फक्त मुलाला, हे चालणार नाही. जेवण, वंदना आणि अभ्यास या वेळी घरातले सगळे मोबाईल एका टोपलीत. नियम सर्वांना सारखा असला तरच तो न्याय.

(ई) रिकामी जागा भरावी. खेळ काढून घेतला आणि त्या जागी काहीच दिले नाही, तर मूल पुन्हा तिकडेच जाईल. वस्तीला मैदान नसते, घर एका खोलीचे असते, आईबाप दोघेही कामावर असतात, हे सर्व खरे आहे. म्हणूनच हे काम एकट्या घराचे नाही, विहाराचेही आहे. संध्याकाळी दोन तास विहार उघडा ठेवावा. कॅरम, बुद्धिबळ, पुस्तकांचे एक कपाट आणि लक्ष ठेवणारे एक मोठे माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. समजीविता म्हणजे जमाखर्च जुळवून जगणे, आणि कल्याणमित्तता म्हणजे चांगली संगत. गृहस्थाच्या ऐहिक सुखासाठी तथागतांनी दीघजाणु कोलियाला सांगितलेल्या चार गोष्टींत या दोन्ही आहेत. एक नसली तर दुसरी टिकत नाही.

(उ) मारू नये, पण टाळूही नये. मुलाला पापापासून आवरणे हे आईबापांचे पहिले कर्तव्य सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. आवरणे म्हणजे बडविणे नव्हे. मूल शाळा सोडू लागले, जेवण-झोप विसरू लागले, मोबाईल काढून घेताच अंगावर धावू लागले, तर ते वाईट झाले असे न समजता त्याला मदत हवी आहे असे समजावे. त्याला अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेऊ नये, सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत तर २०१४ पासून या प्रश्नासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र चालते. म्हणजे अशी मुले पुष्कळ आहेत आणि ती बरीही होतात.

८. दिलेला वेळ

शेवटी एका खोलीची आठवण करून देतो. मुंबईत परळच्या चाळीत सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंब एका खोलीत राहत असे. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासाची. तिथे अभ्यासाला शांत वेळ कसा मिळणार? म्हणून रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्यांना उठवून मग आपण आडवे होत. जागा नव्हती, पैसा नव्हता. बापाने आपल्या झोपेतून मुलासाठी वेळ कापून दिला. पुढे त्या वेळाचे काय झाले ते आपण सारे जाणतो.

आपल्या घरातही वेळ असाच कोणाच्या तरी कष्टातून कापलेला असतो. त्या मातेने चार घरची धुणीभांडी केली, तेव्हा तिच्या मुलाला संध्याकाळी कामावर जावे लागले नाही. त्याची फुरसत ही आईच्या हातांनी विकत घेतलेली आहे. तो ती ज्याला देतो आहे, तो त्याला ओळखतही नाही.

त्या रविवारी मी मातेला एवढेच सांगितले, "ताई, मुलाला शीलाचा धाक घालू नका. त्याच्याजवळ बसा, तो खेळ कसा चालतो ते त्याच्याकडूनच समजून घ्या, मग वही उघडा." पुढच्या महिन्यात मुलगा स्वतः विहारात आला. खेळ पूर्ण सोडलेला नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पण पैसे देणे थांबविले आहे आणि खेळताना घड्याळ समोर ठेवतो, असेही सांगितले. जाग येण्याची सुरुवात अशीच होते. घड्याळ समोर ठेवणारा माणूस गाफील राहिलेला नसतो.

स्वाध्याय (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी)

१. गेल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने मोबाईलवर किती वेळ घालविला? मोबाईलच्या सेटिंगमध्ये तो आकडा दिसतो. मोठ्यांचा आकडा आधी वाचावा.

२. 'पमादट्ठान' या शब्दाचा अर्थ काय? आपल्या घरात दारूखेरीज आणखी कोणती पमादट्ठाने आहेत?

३. एखादी वस्तू गरज म्हणून घेतली की शेजाऱ्याला दिसावी म्हणून, याचे एक-एक उदाहरण प्रत्येकाने स्वतःचे सांगावे, दुसऱ्याचे नाही.

४. आपल्या विहारात संध्याकाळी दोन तास मुलांसाठी कोण देऊ शकेल? नाव आणि वार लिहून काढावे.

जय भीम.